सोळा जणींची एक किल्ली

जिल्ह्याच्या गावाहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आमच्या महिला मंडळाचं ई-मेलचं खातं एकच आहे नि त्याचा पासवर्ड आम्हां साऱ्याजणींना माहीत आहे. नव्या अध्यक्षबाई म्हणतात, पासवर्ड बदलायचा आणि दोघीतिघींनाच सांगायचा. त्यावरून मंडळात दोन तट पडले आहेत. जुन्या बायका विचारतात, इतकी वर्षं काही बिघडलं नाही, मग आताच आमच्यावरचा विश्वास कुठे गेला? तुम्हीच सांगा, बरोबर कोण?"

लोणच्याला बुरशी का येते, भिशीचा हिशोब कसा ठेवावा, असल्या प्रश्नांची सवय असलेलं हे सदर. कॉम्प्युटरचा प्रश्न आला की मी तो सरळ सूनबाईकडे ढकलते. पण हे पत्र काही मला ढकलवेना, कारण याचं उत्तर आमच्या मंडळानं गेल्या दिवाळीत चांगली किंमत मोजून शिकून घेतलं आहे. तेव्हा आधी आमचीच हकीगत सांगते. नावं मात्र सांगत नाही, कारण आमच्या सगळ्याजणी हे साप्ताहिक वाचतात.

आमचं मंडळ सोळा जणींचं. दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यात पापड-कुरडया, अधूनमधून पुरणपोळ्या, असा आमचा पसारा. पूर्वी ऑर्डरी वहीत लिहीत असू. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबोडकी वही आणि तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. २०२० साली टाळेबंदी आली, माणसं दारात येईनाशी झाली, तेव्हा ऑर्डरी फोनवर नि ई-मेलवर यायला लागल्या. एका सभासदाच्या मुलानं मंडळाच्या नावानं खातं काढून दिलं. पासवर्ड काय, तर मंडळाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन! तो कागदावर लिहून स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे चिकटवला. जिला लागेल तिनं बघावा. मग जिनं तिनं आपापल्या फोनमध्ये ते खातं घालून घेतलं. सोय इतकी झाली की विचारू नका. दुपारी गादीवर आडवं होऊन ऑर्डरी बघाव्यात, यापरतं सुख कोणतं?

पॅकिंगसाठी आम्ही एक मुलगी पगारी ठेवली होती. बारावी झालेली, वडील नाहीत, आई शिवणकाम करते. मुलगी हुशार. कॉम्प्युटरवर तिचा हात भराभर चाले, म्हणून हळूहळू पत्रं बघणं, उत्तरं देणं सगळं तिच्याकडे गेलं. आम्ही आपल्या "बघ गं जरा" म्हणायचं नि कढईकडे वळायचं.

गेल्या दिवाळीत एका मोठ्या कचेरीतून फोन आला. ४० किलो चिवडा नि २० किलो चकली हवी होती. "भाव ठरला, आता पत्र पाठवतो, शनिवारपर्यंत होकार कळवा," म्हणाले. आम्ही हरखून पोहे, डाळं, तेलाचे डबे आणले, भाजणी दळून आणली. पत्राची वाट बघत बसलो. पत्र काही दिसेना. मंगळवारी न राहवून फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "बाई, पत्र गुरुवारीच पाठवलं. तुमचा होकार नाही म्हणून काम दुसरीकडे दिलं."

खजिनदारबाईंनी खात्यात सगळीकडे धुंडाळलं, तेव्हा ते पत्र कचऱ्याच्या टोपलीत सापडलं. पुसलेलं पत्र ३० दिवस तिथे पडून असतं म्हणून निदान एवढं तरी कळलं. कोणीतरी ते पुसलं होतं.

कोणी? खातं एक, नाव एक. पण दिवसभर त्या खात्यावर बोटं कोणाची? त्या मुलीची. एकीला आठवलं की तिची मावशीही फराळ करून विकते. दुसरीला आठवलं की पगार वाढवायचं आम्ही पुढे ढकललं होतं. तिला तोंडावर कोणी काही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाच्या खणाची किल्ली कोणी तिच्या हातात दिली नाही. असल्या गोष्टी कळायला मुलींना वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी ती आली नाही. त्या बैठकीत मी होते आणि मी गप्प बसले, हे लिहिताना आज लाज वाटते.

दिवाळीला मुलगा-सून आले. सून पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळते. तिनं खात्याचं 'सिक्युरिटी'चं पान उघडलं. हे खातं सध्या कोणकोणत्या फोनवर नि कॉम्प्युटरवर उघडं आहे याची यादीच तिथे मिळते. यंत्राचं नाव, साधारण ठिकाण, शेवटचं कधी वापरलं ते. आम्ही सोळा जणी, नि यादीत यंत्रं निघाली तेवीस! कोणाचा जुना फोन भाच्याला दिलेला, कोणाच्या मुलाचा कॉलेजातला कॉम्प्युटर, आणि एक फोन चक्क गुजरातेतला.

गुजरातेत आमचं कोण? दोन वर्षांमागे यजमानांची बदली झाली म्हणून मंडळ सोडून गेलेल्या जुन्या चिटणीसबाई. फोन लावला तर म्हणाल्या, "अगंबाई, ते खातं अजून माझ्या फोनमध्ये आहे होय? फोन भरला भरला म्हणून सारखा ओरडत होता, म्हणून धाकट्यानं मागल्या आठवड्यात दिसतील ती पत्रं पुसून टाकली." आणि त्या रडायलाच लागल्या. त्यांना तरी काय म्हणणार?

मी नि खजिनदारबाई त्या मुलीच्या घरी गेलो. तिच्या आईनं चहा केला. आम्ही सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो. मुलगी शांतपणे म्हणाली, "काकू, तुम्ही विचारलं असतं तर मी 'नाही' म्हटलं असतं. पण ते खरं आहे हे दाखवायला माझ्याकडे काय होतं?"

तिच्या या प्रश्नानं मला पुढे कित्येक रात्री झोप लागू दिली नाही. लाल वहीत असं झालं नसतं. वहीत सोळा जणी लिहायच्या, पण अक्षर सोळा तऱ्हेचं. खजिनदारबाईंचा 'ळ' पोट फुगलेला, माझ्या अक्षराला शेपट्या, आणि एकीची शिरोरेघ कायम उताराला लागलेली. खाडाखोड कोणी केली ते पान उघडताच कळायचं. विचारलं तर ती सांगायचीही, "हो, मीच केली, गिऱ्हाइकानं किलोभर कमी केलं." वही मिटून खातं उघडलं तेव्हा आमचं अक्षर हरवलं, हे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. कॉम्प्युटरच्या लेखी सगळं 'मंडळा'नं केलेलं. मंडळानं पत्र वाचलं, मंडळानंच पुसलं. मग माणूस शोधायचा तो संशयावर. आणि संशय काही डॉक्टरांच्या बायकोवर जाऊन बसत नाही. तो पगारी मुलीवर बसतो.

चोर शिरू नये म्हणून पासवर्ड जपा, असं सगळेच सांगतात नि ते खरंच आहे. पण एकच नाव साऱ्यांनी वापरलं की चोराच्या आधी आपल्यातल्याच सरळ बाईचं नुकसान होतं, हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

मी हे सुनेला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, आमच्या कचेऱ्यांतही हीच डोकेदुखी आहे." मोठ्या कचेऱ्यांत म्हणे काही खाती कोणा माणसाची नसतातच, ती कामाची असतात. रात्री बिलं तयार करायची, हिशोबाची नक्कल काढून ठेवायची, गिऱ्हाइकांना निरोप धाडायचे, ही कामं कॉम्प्युटर आपली आपण करतो. पण त्यालाही आत शिरायला नाव नि पासवर्ड लागतो. अशा खात्याला 'सर्व्हिस अकाउंट' म्हणतात. मी मनाशी म्हटलं, म्हणजे घरगड्याचं खातं! सगळ्या खोल्यांत जायची मुभा, नि आपलं असं नाव नाही.

त्याचा पासवर्ड ज्यांनी ते काम बसवलं त्या चारपाच जणांना ठाऊक असतो. त्यातला एक नोकरी सोडतो, दोन नवे येतात, त्यांनाही सांगावा लागतो. बदलायला मात्र कोणी धजत नाही, कारण तो पासवर्ड रात्रीच्या कुठल्या कुठल्या कामात गुंतला आहे याची यादीच कोणाकडे नसते. बदलला नि सकाळी बिलंच निघाली नाहीत तर? म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच. आपल्या घरी नाही का, एखादी गाठ सोडवली तर सगळंच घरंगळेल म्हणून माळ्यावरचं बोचकं आपण तसंच राहू देतो!

हे दुखणं कॉम्प्युटरइतकंच जुनं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात १९६१ साली फर्नांडो कोर्बातो नि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच कॉम्प्युटर अनेकांना एका वेळी वापरता यावा अशी व्यवस्था उभी केली. तिचं नाव सीटीएसएस. प्रत्येकाचे कागद ज्याचे त्याला राहावेत म्हणून तिथे पासवर्ड आले. पुढे एके दिवशी काय झालं, तर जो कोणी कॉम्प्युटर उघडी, त्याला रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादीच दिसू लागली! कारण मोठं मजेशीर आहे. तिथे एका नावाखाली एका वेळी एकानंच काम करायचं, असं गृहीत धरून लिहिण्याची सोय केलेली होती. व्यवस्था पाहणाऱ्यांना मात्र सोयीसाठी एकाच नावानं अनेकांनी काम करायची मुभा दिली. एक जण रोजची सूचना लिहीत होता, त्याच वेळी दुसरा पासवर्डांची यादी दुरुस्त करत होता. दोघांच्या कच्च्या कागदांना कॉम्प्युटरनं एकच नाव दिलं आणि त्यांची अदलाबदल झाली. दोन जावांनी आपापल्या डब्यांवर एकच चिठ्ठी लावावी नि साखरेच्या जागी मीठ पडावं, तशातली गत. पुढे ट्युरिंग पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात कोर्बातोंनीच ही फजिती सांगितली आहे. एवढ्या मोठ्या लोकांचं हे झालं, हे ऐकून मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं.

दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेत कोलोनियल नावाची तेलवाहिनी आहे, टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बाजूला जाणारी, सुमारे ८,८५० किलोमीटर लांब. मे २०२१ मध्ये तिच्या कॉम्प्युटरांत खंडणीखोर शिरले. कंपनीनं खबरदारी म्हणून तेलवाहिनीच बंद केली, नि पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. कंपनीनं जवळजवळ ४४ लाख डॉलर खंडणी भरली. त्यातला काही भाग सरकारनं पुढे परत मिळवला. चोर शिरले कुठून? बाहेरून काम करण्यासाठी दिलेल्या एका जुन्या खात्यातून. ते कोणी वापरत नाही अशी समजूत होती, पण बंद कोणी केलं नव्हतं, आणि त्याला पासवर्डखेरीज दुसरी कडी नव्हती. आमच्या गुजरातेतल्या फोनची मला आठवण झाली.

मग यावर करतात काय, असं मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक घरगड्याच्या खात्याला एक जबाबदार माणूस नेमायचा, नावानिशी. त्या खात्याला लागेल तेवढीच मुभा द्यायची; बिलं काढणाऱ्याला पगारपत्रक दिसायचं कारण नाही. आणि माणसांनी त्या खात्यानं थेट शिरायचंच नाही. आधी स्वतःच्या नावानं आत यायचं, मग "आता मी बिलाच्या खात्याचं काम करते" असं सांगून ते करायचं, म्हणजे कोण आलं, केव्हा आलं, काय केलं, याची नोंद राहते. अशी सोय १९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलो इथल्या विद्यापीठात निघाली. तिला 'सुडू' म्हणतात नि अजूनही जगभर तीच वापरतात. शिवाय पासवर्डांची तिजोरीही असते. जिला हवा तिनं आपल्या नावावर तासा-दोन तासांसाठी पासवर्ड उचलायचा. परत केला की तिजोरी आपणहून तो बदलून टाकते. म्हणजे अडगळीच्या खोलीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, मागून न्यायची नि परत द्यायची, तसंच! फरक एवढाच की इथे कुलूपही दर वेळी नवं.

आपल्याला काही तिजोऱ्या परवडणार नाहीत, पण त्यातलं पुष्कळसं फुकटात करता येतं. आम्ही काय केलं ते पत्र लिहिणाऱ्या भगिनीसाठी सांगते.

एका दुपारी चौघीजणी कागद-पेन्सिल घेऊन बसलो नि मंडळाची खाती कोणकोणती ते लिहून काढलं. वाटलं होतं तीनचार निघतील. ई-मेल, ऑर्डरींचा तक्ता, व्हॉट्सॲप, बँक, वीजबिल, गॅस, आणि खाद्यपदार्थ विकायला लागणाऱ्या सरकारी नोंदणीचं खातं. प्रत्येकापुढे लिहिलं की ते कोण वापरतं नि त्याचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो. इथे डोळे उघडले. अन्न नोंदणीचा ओटीपी गुजरातेत जात होता! नूतनीकरणाच्या वेळी आमची काय धावपळ उडाली असती, देव जाणे. शिवाय रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो नि पुढे दुसऱ्याच कोणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याची चोरकिल्ली अगदी परक्याच्या हाती! हे एवढं काम तुम्ही आजच करा, बाकीचं सावकाश.

मग ई-मेलचा पासवर्ड बदलला. चांगला लांब, पाचसहा शब्दांचा ठेवला. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही बरं का. काही यंत्रं तरीही आत राहू शकतात, म्हणून त्या यादीत जाऊन एकेक यंत्र हातानं बाहेर काढलं. पासवर्डनंतर फोनवर दुसरी खूण विचारणारी दुहेरी कडी लावली. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून गुगल दहा आकडे देतं, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून पासवर्डसकट पाकिटात घातले, पाकीट चिकटवलं, जोडावर अध्यक्ष नि खजिनदार दोघींच्या सह्या घेतल्या आणि ते खजिनदारबाईंच्या कपाटात ठेवलं. उघडलं तर सह्या फाटतात. वर तारीख घालायला विसरू नका.

आता बाकीच्या जणींनी पत्रं कशी बघायची? जीमेलमध्ये एक सोय आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. कॉम्प्युटरवर सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट' नावाच्या पानावर दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यात प्रवेश देता येतो, दहा जणांपर्यंत. ती व्यक्ती आपल्या स्वतःच्या नावानं, स्वतःच्या पासवर्डनं येते, मंडळाची पत्रं वाचते, उत्तरं देते. पण मंडळाचा पासवर्ड तिला कळतही नाही नि बदलताही येत नाही. पत्र मंडळातर्फे कोणी पाठवलं ते घेणाऱ्याला दिसेल असंही ठेवता येतं. उद्या ती सोडून गेली की तिचं एकटीचं नाव काढायचं, बाकीच्यांना काही त्रास नाही. आम्ही तिघींना दिलं आहे. इथे एक उणीव आहे, ती लपवत नाही. पत्र कोणी पुसलं हे इथेही लिहून राहत नाही. म्हणूनच तिघी, सोळा नव्हेत.

आणि म्हणूनच ऑर्डर आली की ती त्याच दिवशी तक्त्यात चढवायची असा नेम केला. गुगलच्या तक्त्यात प्रत्येकीला तिच्या स्वतःच्या ई-मेलवर वेगळी परवानगी देता येते. कोणाला नुसतं बघायची, कोणाला लिहायची. तिथे 'व्हर्जन हिस्टरी' उघडली की कोणत्या बाईनं केव्हा काय बदललं ते तिच्या नावानिशी, निराळ्या रंगात दिसतं. आमचं हरवलेलं अक्षर इथे परत सापडलं म्हणा ना! फक्त 'लिंक असेल त्या कोणालाही' ही परवानगी देऊ नका, नाहीतर पुन्हा सगळ्या बिननावाच्या होऊन बसाल.

व्हॉट्सॲपला एक मूळ फोन नि त्याला जोडलेली चार यंत्रं चालतात. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये यादी असते. महिन्याकाठी एकदा बघावी, अनोळखी दिसेल ते काढावं. बँकेचं सांगायला नको. चेकवर दोन सह्या आपण पूर्वीपासून घेतो. संस्थांच्या नेट बँकिंगमध्येही एकीनं रक्कम भरायची नि दुसरीनं मंजूर करायची अशी व्यवस्था बँकेकडून मागून घेता येते.

पासवर्ड दर महिन्याला बदलावा का, असं बऱ्याचजणी विचारतात. पूर्वी तसं सांगत. पण २०१७ साली अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनंच सांगितलं की उगीच ठरावीक मुदतीनं बदलायला लावू नका. माणसं कंटाळून शेवटचा आकडा तेवढा बदलतात. फुटल्याचा संशय आला तर लगेच बदला. सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डातली एकजण गेली, तर तेव्हाही बदलायला हवाच. आमच्याकडे कोणी गाव सोडून निघाली की मंडळात ओटी भरतो. आता ओटी भरून झाली की तिथेच तिच्यासमोर तक्त्यातलं नि पत्रांतलं तिचं नाव काढतो. तिच्या फोनमधलं खातंही तीच काढते. नवी चिटणीस समोर बसलेली असते. पहिल्यांदा जरा अवघड वाटलं, पण जाणारी बाईच म्हणाली, "बरं झालं, उद्या काही झालं तर माझं नाव नको यायला."

हे मंडळाचं झालं, पण जाता जाता घरातलंही सांगते. वीजबिल नि गॅसचा पासवर्ड नवरा-बायकोत दोघांना ठाऊक असावा, तो जपून लिहूनही ठेवावा. पण पैशाचा पिन नि ओटीपी त्या पाकिटात घालू नका, कोणालाच देऊ नका. २०१७ साली रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेल्या नियमात असं होतं की ग्राहकानं स्वतःच असली गुप्त खूण दुसऱ्याला दिली नि पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यानंच सोसायचं. फसवणूक झाली तर १९३० या नंबरावर ताबडतोब फोन करावा, तोही पाठ करून ठेवा. आणि एक विचारते, रागावू नका. तुमच्या स्वतःच्या बँक खात्याला फोन नंबर कोणाचा जोडलेला आहे? पुष्कळजणींचं उत्तर "मुलाचा" किंवा "ह्यांचा" असं येतं. हे काही एका किल्लीत दोघांनी वाटून राहणं झालं नाही. इथे खातं तुमचं नि किल्ली दुसऱ्याच्या खिशात. फोन स्वतःचा असेल तर नंबर बदलून घ्यायला बँकेत एकदा चक्कर मारा.

आता पत्रातल्या भगिनींना थेट उत्तर. अध्यक्षबाई पासवर्ड बदला म्हणतात ते बरोबर, पण दोघीतिघींनाच सांगा म्हणतात ते अर्धंच बरोबर. त्या तिघींतही कोणी काय केलं ते कळायला हवं, म्हणून जिला जे काम आहे तिला ते तिच्या स्वतःच्या नावानं करता येईल असं बघा. आणि विश्वास कुठे गेला म्हणून रुसलेल्या जुन्या बायकांना आमच्या त्या मुलीची गोष्ट वाचून दाखवा. विश्वास होताच की आमचाही, खातं उघडं ठेवण्याइतका होता. संकटाच्या दिवशी तो चोवीस तासही टिकला नाही.

ती मुलगी आमच्याकडे परत आली नाही. औषधाच्या एका दुकानात बिलं करते. परवा गोळ्या आणायला गेले होते तेव्हा म्हणाली, "काकू, इथे बिल करायला बसलं की प्रत्येकानं आपलं नाव टाकायचं. बिलावर खाली माझं नाव येतं, बघा." मी बिल घडी घालून पर्समध्ये ठेवलं, अजून तिथेच आहे.

आणि हो, भिंतीवरच्या दिनदर्शिकेमागचा कागद आधी काढा. आमचा मी काढला, तर त्याच्याखाली आणखी एक निघाला, गॅसच्या खात्याचा, चिटणीसबाईंच्या अक्षरातला.